खरपूस चुऱ्याखालचा रसाळ मासा

मराठी स्वयंपाकघरात माशाच्या प्रामुख्याने दोनच वाटा: एक कालवणाची, दुसरी तव्याची. आगळ, हळद, तिखट लावून रव्यात घोळवलेली सुरमईची तुकडी तव्यावर परतली जात असताना येणारा वास सांगून समजत नाही. शहरी घरांच्या ओट्यावर ओव्हन येऊनही आता बराच काळ लोटला. त्यात केक होतो, पिझ्झा होतो, नानकटाई होते. मासा मात्र क्वचितच त्यात जातो. एखाद्या रविवारी हौसेने तुकड्यांवर पावाचा चुरा पसरून ट्रे आत सरकवला, तर बहुतेकदा दोहोंपैकी एक गोष्ट घडते. चुरा खरपूस होईपर्यंत मासा कोरडा, धाग्याधाग्याचा होतो. किंवा मासा नेमका शिजतो, पण वरचा चुरा फिकट आणि ओलसर राहतो. महाग मासा असा वाया गेला की 'आपला तवाच बरा' असा निष्कर्ष निघतो आणि ओव्हन पुन्हा केकच्या वाट्याला जातो.

वास्तविक या पदार्थात अवघड असे काही नाही. माशाला आणि चुऱ्याला लागणारा वेळ वेगवेगळा असतो. तो जुळवून घेतला की उरलेले काम सोपे आहे.

पाव आणि मासा : जुनी संगत

शिळ्या पावाचा चुरा माशावर घालून भाजण्याची रीत प्रामुख्याने पाव पिकवणाऱ्या, म्हणजे गहू खाणाऱ्या, समुद्रकाठच्या मुलखांतली. इटलीच्या दक्षिणेकडील सिसिली बेटावर सार्डिन हा स्वस्त मासा उघडून, त्यात पावाचा चुरा, मनुका आणि चिलगोज्यासारख्या पाइनच्या बिया भरून भाजतात. या पदार्थाला 'सार्दे आ बेक्काफिको' असे नाव आहे. बेक्काफिको हा अंजिरे खाणारा चिमुकला पक्षी. तो उमरावांच्या ताटात भरून वाढला जाई. ज्यांना पक्षी परवडत नसे त्यांनी तोच थाट सार्डिनला दिला, असे या नावामागचे कारण सांगितले जाते. शिळा पाव फेकायचा नाही आणि स्वस्त मासा रुचकर करायचा, ही काटकसर त्यामागे आहे. कोकणातील तारली ही याच सार्डिनची जवळची नातलग होय.

अटलांटिकच्या पलीकडे, अमेरिकेच्या ईशान्येकडील न्यू इंग्लंड या प्रदेशात कॉड आणि हॅडॉक या माशांवर लोणी चोळलेला पावाचा किंवा खाऱ्या बिस्किटांचा चुरा घालून ते भाजले जातात. ब्रिटनमध्ये १९५५ साली बाजारात आलेल्या 'फिश फिंगर'मुळे चुरा लावलेला मासा जगभर पोहोचला. मात्र त्यात चुरा सर्व बाजूंनी असतो. घरच्या ओव्हनमध्ये सर्व बाजूंनी चुरा लावला, तर माशातून सुटणाऱ्या रसात खालचा थर भिजतो. चुरा केवळ वरच्या बाजूस घालण्याच्या जुन्या पद्धतीत हा शहाणपणा दडलेला आहे.

या प्रवासाचा एक धागा थेट मराठी भाषेपर्यंत येतो. मोठ्या दुकानांत मिळणारा जाडसर जपानी चुरा 'पांको' म्हणून ओळखला जातो. जपानीत 'पान' म्हणजे पाव आणि 'को' म्हणजे पूड. हा 'पान' शब्द पोर्तुगीजांकडून आला; पोर्तुगीज १५४३ मध्ये जपानला पोहोचले होते. आपला 'पाव'ही त्याच पोर्तुगीज शब्दाचे अपत्य. तेव्हा पांको न मिळाल्यास लादीपावाचा चुरा वापरणाऱ्याने परकी वस्तू सोडून घरची घेतली, असे म्हणण्याचे कारण नाही. दोन्हींचे मूळ एकच आहे.

दोघांचे वेळापत्रक वेगळे

माशाचे मांस कोंबडी वा मटणाहून नाजूक असते. त्यातील स्नायूंचे धागे आखूड असतात आणि ते एकत्र धरणारे जोडऊतक थोडे व कमकुवत असते. म्हणूनच शिजलेल्या माशाच्या पाकळ्या सहज सुटतात. या मांसातील प्रथिने सुमारे ४० अंश सेल्सिअसपासून बदलू लागतात. तापमान जसे ६० अंशांच्या पुढे चढत जाते, तसे धागे आवळले जाऊन आतला रस बाहेर पिळला जातो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मासा शिजवण्यासाठी आतील तापमान ६३ अंश असावे, असे सांगितले आहे. तेवढे गाठले की थांबायचे. त्यापुढे मासा अधिक शिजत नाही, केवळ सुकतो.

चुऱ्याचे गणित याच्या उलट आहे. पाव तांबूस होऊन खमंग वास सुटतो तो प्रथिने आणि शर्करा यांच्यातील रासायनिक क्रियेमुळे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामी मायार यांनी १९१२ मध्ये तिचे वर्णन केले. म्हणून ती 'मायार क्रिया' म्हणून ओळखली जाते. ही क्रिया साधारण १४० अंशांच्या पुढे वेग घेते. चुऱ्यात ओलावा असेपर्यंत त्याचे तापमान शंभर अंशांच्या आसपासच घुटमळते, कारण सारी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. खालून माशाची वाफ आणि वरून कोरडी हवा, अशा कात्रीत सापडलेला ओला चुरा खरपूस व्हायला वीस-पंचवीस मिनिटे घेतो. एक इंच जाडीची तुकडी मात्र बारा ते पंधरा मिनिटांत तयार असते.

यावर उपाय एकच: चुरा आधी भाजून घ्यावा. कढईत थोड्या तुपात, लोण्यात किंवा तेलात तो फिक्या सोनेरी रंगावर परतावा आणि मगच माशावर पसरावा. ओव्हनमध्ये उरते ते शेवटचे रंगकाम. या एका पायरीने पदार्थाचे निम्मे अपयश टळते.

चुरा कसला घ्यावा

एक दिवसाचा शिळा लादीपाव सर्वांत सोयीचा. ताज्या पावात ओलावा अधिक असल्याने त्याचा गोळा होतो. पाव हाताने कुस्करावा किंवा मिक्सरमध्ये क्षणभरच फिरवावा. तांदळाच्या कण्यांएवढे आणि त्याहून थोडे मोठे असे मिश्र कण राहिले पाहिजेत. पिठासारखी बारीक पूड माशाच्या रसात भिजून लगदा होते. कडक पाठीचा ब्रून पाव याला उत्तम. पांकोचे कण मोठे आणि सच्छिद्र असतात. त्यासाठीचा पाव कणकेतून वीजप्रवाह सोडून, कवच न येऊ देता भाजतात. तो कुरकुरीतपणा अधिक काळ टिकवतो. खारी किंवा टोस्टचा चुराही चालतो. मात्र खारीत स्निग्धांश आधीच भरपूर असल्याने वेगळे तेल घालू नये, आणि गोडसर टोस्ट टाळावा, कारण साखर लवकर करपते.

मग रवा का नको, असा प्रश्न मत्स्यप्रेमी मराठी माणसाला पडणारच. रवा हा गव्हाचा न शिजलेला कण. तव्यावर त्याला तेल आणि माशाचा ओलावा दोन्ही मिळतात, शिवाय तव्याचा थेट चटका बसतो; म्हणून तो छान कुरकुरीत होतो. ओव्हनमध्ये वर पसरलेल्या रव्याला कोरडी हवा तेवढी मिळते आणि तो दाताखाली कचकचतो. पावातील पिष्ट मात्र भट्टीत एकदा शिजलेले असते. त्याला केवळ सुकायचे आणि तांबूस व्हायचे असते.

मासा कोणता आणि केवढा

या पदार्थासाठी घट्ट मांसाचा, जाड तुकडी देणारा मासा हवा. सुरमई, रावस, घोळ आणि जिताडा हे चार उत्तम. रावसाला इंग्रजीत 'इंडियन सामन' म्हणत असले तरी खऱ्या सामनशी त्याचे नाते नाही. रायगडच्या खाड्यांतील प्रसिद्ध जिताडा आणि बंगाल्यांची भेटकी हा मासा एकच. बांगडा आणि तारली पाठीतून उघडून, मधला काटा काढून, मांसाची बाजू वर ठेवून भाजल्यास स्वस्तात चांगला बेत होतो. पापलेट पातळ असल्याने आठ-दहा मिनिटांतच शिजते. त्यासाठी चुरा आधीच अधिक गडद भाजून घ्यावा. बोंबील मात्र या वाटेला नेऊ नये. त्यात पाणी इतके असते की चुरा कुरकुरीत राहण्याची आशाच नको. गोठवलेला बासा घेतल्यास तो फ्रीजच्या खालच्या कप्प्यात रात्रभर ठेवून पूर्ण सुटू द्यावा, स्वच्छ कापडात दाबून पाणी टिपावे आणि मगच वापरावा.

बाजारात कोळीण तव्याच्या सवयीने अर्ध्या इंचाच्या तुकड्या करून देते. ओव्हनसाठी एक इंच, म्हणजे अडीच सेंटीमीटर जाडीच्या तुकड्या मागून घ्याव्यात आणि सर्व तुकड्या सारख्या जाडीच्या असाव्यात. वेळ ठरतो तो माशाच्या वजनावर नव्हे, जाडीवर. कॅनडाच्या मत्स्यविभागाने प्रसृत केलेला एक जुना ठोकताळा आजही वापरला जातो: सुमारे २३० अंशांवर, सर्वांत जाड भागाच्या दर इंचाला दहा मिनिटे. चुरा असताना मात्र इतक्या तापमानाला तो करपण्याची भीती असते. २०० अंश आणि इंचाला बारा ते पंधरा मिनिटे हे प्रमाण घरच्या ओव्हनला अधिक मानवते.

मसाला वास झाकतो, दोष नाही

लसूण, मिरी, लिंबू आणि खमंग पाव यांच्या वासापुढे माशाचा किंचित उतरलेला वास सहज लपतो. येथेच सावध राहण्याची गरज आहे. बांगडा, सुरमई, कुपा यांसारख्या माशांच्या मांसात हिस्टिडिन हे अमिनो आम्ल मुबलक असते. मासा बर्फाविना उबेत राहिला, तर जिवाणू त्याचे हिस्टामिनमध्ये रूपांतर करतात. हे एकदा तयार झाले की शिजवून, भाजून किंवा गोठवून नष्ट होत नाही. असा मासा खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोन-एक तासांत चेहरा लाल होणे, अंगाला खाज, डोकेदुखी, धडधड असा त्रास होऊ शकतो. पुष्कळदा त्याला माशाची अ‍ॅलर्जी समजले जाते. त्रास वाढल्यास किंवा श्वास लागल्यास डॉक्टरांकडे जाण्यास विलंब लावू नये.

म्हणून मासा निवडताना जुन्या कसोट्या सोडू नयेत. डोळे फुगीर व चकचकीत, कल्ले लालभडक, मांस दाबल्यावर पुन्हा वर येणारे आणि वास समुद्राचा असावा. बाजार घरापासून लांब असेल, तर पिशवीत बर्फ मागून घ्यावा. घरी आल्यावर मासा साफ करून लगेच फ्रीजमध्ये ठेवावा. फ्रीजचे तापमान ४ अंश किंवा त्याहून कमी असावे. मसाला लावून 'मुरण्यासाठी' दोन-तीन तास ओट्यावर ठेवण्याची सवय तर अजिबात नको. आंबट पदार्थ लावून फार वेळ ठेवल्यास माशाचा पृष्ठभाग आधीच पांढरा व भुसभुशीत होतो, ते वेगळेच. दहा-पंधरा मिनिटे पुरेशी आहेत.

ओव्हनची तयारी

घरगुती ओटीजी ओव्हन आकाराने लहान असतो. दार उघडताच त्यातील उष्णता झपाट्याने कमी होते. त्यामुळे तो २०० अंशांवर दहा ते पंधरा मिनिटे आधी तापवणे आवश्यक आहे. वरची आणि खालची अशा दोन्ही सळ्या चालू ठेवाव्यात आणि ट्रे मधल्या खाचेत ठेवावा. शेवटी रंग कमी वाटल्यास केवळ वरची सळी एक-दोन मिनिटे चालू ठेवावी. त्या वेळी ओव्हनसमोरून हलू नये. मायक्रोवेव्ह असेल तर त्यातील 'कन्व्हेक्शन' पर्याय वापरावा. नुसत्या मायक्रोवेव्हने मासा शिजेल, पण चुरा खरपूस होणार नाही. काचेचे भांडे थेट फ्रीजमधून काढून तापलेल्या ओव्हनमध्ये ठेवू नये. ते तडकू शकते. साधारण १५०० वॅटचा ओव्हन अर्धा तास चालला तरी पाऊण युनिटपेक्षा अधिक वीज लागत नाही.

साहित्य (चार जणांसाठी)

सुरमई, रावस किंवा जिताड्याच्या एक इंच जाडीच्या चार तुकड्या (सुमारे ६०० ग्रॅम), एक दिवसाचे शिळे लादीपाव ३, तेल किंवा वितळलेले लोणी ३ मोठे चमचे, लसणाच्या ६ पाकळ्या, बारीक चिरलेल्या २ हिरव्या मिरच्या, बारीक चिरलेली अर्धी वाटी कोथिंबीर, एका लिंबाची किसलेली साल (पांढरा भाग न घेता), अर्धा लहान चमचा भरडलेली मिरी, पाव लहान चमचा हळद, ३ मोठे चमचे चक्का, चवीनुसार मीठ. मासे आणि दही एकत्र न खाणाऱ्या घरांत चक्क्याऐवजी एका अंड्याचा हलका फेटलेला पांढरा भाग घ्यावा.

कृती

तुकड्या धुऊन स्वच्छ कापडाने कोरड्या कराव्यात. एक लहान चमचा मीठ आणि हळद चोळून पंधरा मिनिटे फ्रीजमध्ये ठेवाव्यात. आगळ लावायचे असल्यास मीठ कमी करावे, कारण आगळ स्वतःच खारट असते. तेवढ्यात ओव्हन तापत ठेवावा.

कढईत तेल किंवा लोणी मंद आचेवर तापवून त्यात ठेचलेला लसूण व मिरची अर्धा मिनिट परतावी. लसूण तांबूस होऊ देऊ नये. पुढे ओव्हनमध्ये तो कडवट होतो. आता पावाचा चुरा घालून पाच-सहा मिनिटे सतत हलवत फिका सोनेरी होईपर्यंत परतावा. कढई खाली उतरवून चुरा थोडा निवला की कोथिंबीर, लिंबाची साल, मिरी आणि चिमूटभर मीठ मिसळावे. कोथिंबीर आधी घातल्यास काळी पडते. लिंबाचा रस चुऱ्यात घालू नये. तो वाढताना वरून पिळावा.

फ्रीजमधून काढलेल्या तुकड्यांना सुटलेले पाणी पुन्हा टिपून घ्यावे. ट्रेला तेलाचा हात लावून तुकड्या एकमेकींपासून थोड्या अंतरावर ठेवाव्यात. दाटीवाटी केल्यास वाफ कोंडते. प्रत्येक तुकडीच्या वरच्या बाजूस चक्क्याचा पातळ थर लावावा. चुरा माशाला चिकटून राहावा एवढ्यासाठीच हा थर असतो. जाड झाला तर चुरा खालून भिजतो. त्यावर चुरा अर्धा सेंटीमीटर जाडीने पसरून हाताने हलकेच दाबावा. ट्रे ओव्हनमध्ये ठेवून बारा मिनिटांनी पहिली तपासणी करावी.

ज्यांना मालवणी चव हवी, त्यांनी चक्क्याऐवजी कोथिंबीर-मिरची-लसणाचे घट्ट वाटण पाणी न घालता करून तोच थर लावावा. ओले खोबरे चुऱ्यात घालू नये. त्याच्या ओलाव्याने कुरकुरीतपणा जातो. सुके खोबरे दोन चमचे चालेल. लाल तिखट वा गरम मसाला कोरड्या उष्णतेत लवकर करपतो, म्हणून तो चुऱ्याऐवजी माशाला लावणे चांगले.

शिजला हे कसे ओळखावे

स्वयंपाकाचा तापमापक असेल, तर त्याचे टोक तुकडीच्या मध्यभागी खुपसून पाहावे. ६३ अंश झाले की काम झाले. तो नसल्यास सर्वांत जाड भागात काट्याचमच्याचे टोक घालून हलकेच पिळावे. मांस अपारदर्शक झाले असेल आणि पाकळ्या सुटू लागल्या असतील तर मासा शिजला. मध्यभाग काचेसारखा दिसत असेल तर आणखी दोन मिनिटे द्यावीत. तुकडीच्या कडेने पांढरट गोठलेला रस भरपूर बाहेर येऊ लागणे ही उशीर झाल्याची खूण होय. काटा मधोमध असलेल्या गोल तुकडीत काट्यालगतचा भाग सर्वांत शेवटी शिजतो, म्हणून तपासणी तेथेच करावी. गर्भवती, लहान मुले आणि वृद्ध यांच्यासाठी 'किंचित कच्चा चालेल' हा विचार करू नये.

ट्रे बाहेर काढल्यावर दोन मिनिटे थांबून तुकड्या रुंद कालथ्याने उचलाव्यात. वर झाकण ठेवू नये. वाफेने सारा खरपूसपणा जातो. उरलेला मासा दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी ओव्हनमध्येच गरम करावा.

तेलाचा हिशेब

ओव्हनमधला मासा म्हणजे तेलाविना केलेला, असा समज दिसतो. तो पूर्णतः खरा नाही. वरील कृतीत चौघांसाठी तीन मोठे चमचे, म्हणजे माणशी पाऊण चमचा तेल लागते. त्यातून सुमारे ९० उष्मांक मिळतात. ते निम्म्यावर आणता येते, पण अगदी कोरडा चुरा ओव्हनमध्ये धुळीसारखा राहतो, त्याला खमंग रंग येत नाही. तव्याच्या तुलनेत खरा लाभ हा की पडणारे तेल मोजून घातलेले असते, चारही तुकड्या एकाच वेळी तयार होतात आणि घरभर तळणीचा धूर होत नाही. मोठ्या शहरांतील बंद सदनिकांत ही शेवटची गोष्ट लहान नव्हे.

सोबत वरण-भात असला तरी हा मासा जमतो, आणि भाजलेला पाव, काकडी-कांद्याची कोशिंबीर असली तरीही. पहिल्या प्रयोगासाठी सुरमईची मोठी तुकडी घेण्यापेक्षा बांगड्यापासून सुरुवात करणे शहाणपणाचे. आपला ओव्हन किती तापतो, चुरा किती मिनिटांत रंग धरतो हे एकदा कळले की पुढचा रविवार निश्चिंत मनाने सुरमईला देता येतो.